यीस्टमधला आरएनए आणि मोसंबीचं पान

(जालना येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



विषय ऐकून दोघा-तिघांनी मला बाहेरच विचारलं, की जालन्यात येऊन यीस्टच्या आरएनएवर काय बोलणार? बियाण्यावर बोला, मोसंबीवर बोला. तर मी मोसंबीवरच बोलणार आहे, फक्त जरा लांबच्या वाटेने तिथे पोहोचणार आहे.

तुमच्यापैकी ज्यांच्याकडे बाग आहे त्यांना हे चित्र माहीत असेल. एखाद्या झाडाची एकच फांदी पिवळी पडायला लागते. पान सरसकट पिवळं होत नाही. मधल्या शिरेच्या एका बाजूला एक डाग, दुसऱ्या बाजूला वेगळाच, दोन्ही बाजूंचा मेळ नाही. आपण म्हणतो जस्त कमी पडलं. फवारणी होते, फरक पडत नाही. पुढे फळ वाकडं होतं, खालच्या बाजूला हिरवंच राहतं, चव कडवट. मग कुणीतरी सांगतं की हे ग्रीनिंग असू शकेल, पानं प्रयोगशाळेत पाठवा. काही दिवसांनी अहवाल येतो आणि त्यात एक अगम्य ओळ असते: '१६एस आरआरएनए जनुक', आणि पुढे पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह.

हे १६एस काय आहे? आरआरएनए म्हणजे रायबोसोमल आरएनए, इथपर्यंत बारावीचा मुलगाही सांगेल. पण मोसंबीच्या पानातला रोग ओळखायला रायबोसोमचा आरएनए कशाला लागतो? या एका ओळीच्या मागे शंभराहून जास्त वर्षांचं रसायनशास्त्र उभं आहे, आणि त्यातलं बरंचसं पाव फुगवणाऱ्या यीस्टवर झालेलं आहे. ती सगळी गोष्ट सांगताना मी एका गोष्टीकडे तुमचं लक्ष पुन्हा पुन्हा वेधणार आहे. पदार्थ पेशीतून बाहेर कसा काढला, यावर तो पदार्थ काय आहे याबद्दलची आपली समजूत ठरत गेली. काढण्याची रीत बदलली की पदार्थच वेगळा दिसायला लागला.

सुरुवात १८६९ सालची. जर्मनीतल्या ट्युबिंगेन गावात फ्रीडरिश मीशर नावाचा स्विस तरुण जखमांच्या पट्ट्यांवरचा पू धुऊन त्यातल्या पेशींचा अभ्यास करत होता. त्याला पेशींच्या केंद्रकातून फॉस्फरस असलेला, प्रथिनांसारखा न वागणारा एक पदार्थ मिळाला. त्याने त्याला 'न्यूक्लिन' म्हटलं. त्याचे गुरू फेलिक्स हॉप-सायलर सावध माणूस. पोराचं संशोधन लगेच छापलं नाही, स्वतः प्रयोग करून पाहिले, आणि १८७१ मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्याच सुमाराला हॉप-सायलरांनी यीस्टमध्येही असाच पदार्थ सापडल्याचं नोंदवलं. यीस्टची या गोष्टीत एंट्री झाली ती इथे.

यीस्टच का, हा प्रश्न साधा आहे आणि उत्तरही साधं आहे. स्वस्त आणि मुबलक. युरोपात बीअरच्या भट्ट्या होत्या, त्यांच्या तळाशी यीस्ट साचायचं. पू जमवायला दवाखाना लागतो, यीस्ट बादलीने मिळतं. आणि ज्या प्राण्याला भराभर वाढायचं असतं त्याला प्रथिनं भराभर बनवावी लागतात, त्यासाठी रायबोसोम लागतात, आणि रायबोसोम म्हणजे निम्म्याहून जास्त आरएनए. जोमात वाढणाऱ्या यीस्टच्या कोरड्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास आरएनए असू शकतो. अर्थात हे कारण तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. त्यांना एवढंच दिसत होतं की यातून माल भरपूर निघतो.

पुढची नावं मी भराभर घेतो. रिचर्ड आल्टमन यांनी १८८९ मध्ये प्रथिनं बाजूला काढली आणि उरलेल्याला 'न्यूक्लिक आम्ल' म्हटलं. हॉप-सायलर स्ट्रासबुर्गला गेल्यावर त्यांच्याकडे आल्ब्रेख्त कॉसेल यीस्टच्या न्यूक्लिनवर काम करायला लागले, त्यांना पुढे १९१० चं नोबेल मिळालं. कॉसेल यांच्याच प्रयोगशाळेत १९०० मध्ये आल्बेर्तो आस्कोली यांना यीस्टमधून युरॅसिल मिळालं. डीएनएत थायमिन, आरएनएत युरॅसिल हे आपण पाठ करतो ना, त्यातलं युरॅसिल यीस्टनेच दिलं. आणि १९०९ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत फीबस लेवीन आणि वॉल्टर जेकब्ज यांनी यीस्टच्या न्यूक्लिक आम्लातली साखर ओळखली: रायबोज. 'आरएनए'मधला 'आर' तो हाच. डीएनएची साखर सापडायला त्यानंतर वीस वर्षं लागली, १९२९ साल उजाडलं.

आता लेवीनजवळ जरा थांबायला हवं.

लेवीन हे हलक्यात घ्यायचं नाव नाही. न्यूक्लिक आम्लात साखर, फॉस्फेट आणि बेस एकमेकांना कसे जोडलेले आहेत याचा पाया त्यांनी घातला. 'न्यूक्लिओटाइड' हा शब्द त्यांच्या कामातून रुळला. पण त्यांच्याच नावावर एक कल्पना आहे जिने निदान दोन-तीन दशकं लोकांना भलत्या वाटेला नेलं. यीस्टच्या न्यूक्लिक आम्लाचं पृथक्करण केलं की चार बेस जवळपास सारख्या प्रमाणात मिळायचे. रेणूचं वजन काढलं तर ते लहान यायचं. त्यावरून निष्कर्ष निघाला की हा चार न्यूक्लिओटाइडांचा एक छोटा रेणू आहे, प्रत्येक बेस एकदा, वजन सुमारे १,३००. याला टेट्रान्यूक्लिओटाइड कल्पना म्हणतात. पुढे मोठे रेणू असतात हे मान्य करावं लागलं तेव्हासुद्धा लोक म्हणाले, बरं, मग तीच चार अक्षरं त्याच क्रमाने पुन्हा पुन्हा येत असतील.

याचा परिणाम काय झाला बघा. ज्या साखळीत तीच चार अक्षरं त्याच क्रमाने येतात, तिच्यात निरोप लिहिता येत नाही. 'अबकड अबकड अबकड' असं पानभर लिहिलं तर त्यातून काय सांगणार? त्यामुळे आनुवंशिकतेचा निरोप प्रथिनांतच असणार, न्यूक्लिक आम्ल हे नुसतं आधाराला, अशी पक्की समजूत झाली. १९४४ मध्ये एव्हरी आणि सहकाऱ्यांनी डीएनएच गुणधर्म नेतो असं दाखवलं, तेव्हा ते न पटण्यामागे ही समजूत होती.

आणि रेणू लहान का दिसत होता? कारण तो मोडून काढला जात होता. कारखान्यात यीस्टमधून न्यूक्लिक आम्ल काढायची नेहमीची रीत होती अल्कलीने, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडसारख्या द्रावणाने. डीएनएला अल्कली फारसं काही करत नाही. दोन धागे सुटतात, पण साखळी टिकते. आरएनएचं तसं नाही. रायबोज साखरेच्या दुसऱ्या कार्बनवर एक ओएच गट असतो, जो डीएनएच्या साखरेत नसतो. अल्कलीत हा गट शेजारच्या फॉस्फेटवर चाल करून जातो आणि तिथे साखळी तुटते. ही प्रक्रिया नेमकी कशी होते ते ब्राउन आणि टॉड यांनी १९५२ मध्ये उलगडून सांगितलं. म्हणजे लेवीन यांच्या काळात बाटलीत येणारं 'यीस्ट न्यूक्लिक आम्ल' हे रायबोसोमच्या प्रचंड रेणूंचा चुरा होता. चुऱ्याचं पृथक्करण अचूक होतं, पण त्यावरून मूळ रेणूचा आकार काढला गेला.

वर्गात हे शिकवताना मी शेंगदाण्याच्या कुटाचं उदाहरण देतो. कूट चाखून दाणे भाजलेले होते की कच्चे ते सांगता येतं, खवट होते का तेही सांगता येतं. पण शेंगेत किती दाणे होते ते सांगता येत नाही. (हशा)

तर मग रेणू अखंड बाहेर काढायचा कसा? अडचण दुहेरी होती. अल्कली वापरायची नाही हे ठरवलं, तरी पेशी फोडली की तिच्या आतलेच काही विकर, म्हणजे एन्झाइम, आरएनएवर तुटून पडतात. त्यांना रायबोन्यूक्लिएज म्हणतात, थोडक्यात आरएनेज. स्वादुपिंडातला आरएनेज १९४० मध्ये कुनिट्झ यांनी स्फटिकरूपात मिळवला. हा फार चिवट प्राणी आहे. उकळवला तरी गार झाल्यावर पुन्हा कामाला लागतो. तो आपल्या घामात असतो, बोटांवर असतो. आजही आरएनएवर काम करणारी मुलं हातमोजे घालतात ती स्वतःला वाचवायला कमी आणि आरएनएला आपल्यापासून वाचवायला जास्त.

१९५५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या क्रेस्टफील्ड, स्मिथ आणि ॲलन यांनी यीस्टमधून आरएनए काढण्याची आणि त्याचे गुणधर्म तपासण्याची एक रीत प्रसिद्ध केली. मला तो टप्पा फार महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचं कौतुक फारसं कुणी करत नाही. त्यांनी यीस्ट गरम डिटर्जंटच्या द्रावणात टाकलं. डिटर्जंट म्हणजे सोडियम डोडेसिल सल्फेट, शाम्पूत असतं त्याच घराण्यातलं. उष्णता आणि डिटर्जंट मिळून पेशी उघडतात, प्रथिनं सैल करतात आणि विकरांना काम करायची संधी मिळण्याआधीच निकामी करतात. मग लगेच गार करायचं, अल्कोहोल घालून आरएनए खाली बसवायचा. आणि नंतर मिठाची युक्ती. लिटरमागे साधारण ५८ ग्रॅम मीठ, म्हणजे समुद्राच्या पाण्याच्या दीडपटीहून खारट द्रावण. आरएनएच्या साखळीवर फॉस्फेटचे ऋण भार असतात, ते एकमेकांना ढकलतात. मीठ ते भार झाकतं. मग लांबच लांब साखळ्या गोळा होऊन खाली बसतात आणि छोटे आरएनए द्रावणातच राहतात. मोठे आणि छोटे वेगळे करायला मीठ पुरलं.

मग या अखंड आरएनएचं रासायनिक वर्णन कसं करायचं? इथे गंमत आहे. ज्या अल्कलीने आधी फसवलं, तीच आता हत्यार झाली. आधी अखंड रेणू हातात घ्यायचा आणि मग मुद्दाम, मोजून-मापून अल्कलीत पूर्ण तोडायचा. मिळालेले न्यूक्लिओटाइड कागदावर किंवा आयन-एक्स्चेंजच्या नळीत वेगळे करायचे आणि अतिनील प्रकाश किती शोषला जातो त्यावरून प्रत्येकाचं प्रमाण काढायचं. कागदावरच्या क्रोमॅटोग्राफीने हे काम १९४८ च्या सुमारास चारगाफ यांच्या प्रयोगशाळेने करून दाखवलं होतं आणि त्याने टेट्रान्यूक्लिओटाइड कल्पना मोडीत निघाली होती. चार बेस सारख्या प्रमाणात नव्हतेच.

असं काटेकोर मोजायला लागल्यावर काही नको असलेले पाहुणेही दिसायला लागले. एक म्हणजे चारही ओळखीच्या न्यूक्लिओटाइडांशी न जुळणारा पाचवा. १९५७ मध्ये डेव्हिस आणि ॲलन (हे वरचेच ॲलन) यांनी यीस्टच्या आरएनएत पाचवा न्यूक्लिओटाइड असल्याचं लिहिलं. तो निघाला युरिडिनचाच भाऊबंद. बेस तोच, पण साखरेला नायट्रोजनऐवजी कार्बनने जोडलेला. त्याचं नाव स्यूडोयुरिडिन. यीस्टच्या रायबोसोममध्ये तो चाळिसाहून जास्त ठिकाणी येतो. दुसरी विसंगती अशी की पूर्ण तोडल्यावरही काही जोड्या तुटतच नव्हत्या. कारण त्या जागी साखरेच्या त्या खोडकर ओएच गटावर मिथिल गटाची टोपी बसलेली होती, तो चाल करूच शकत नव्हता. न तुटलेल्या जोड्या मोजून टोप्या किती ते कळलं.

स्यूडोयुरिडिनची पुढची हकीकत एका वाक्यात सांगतो, कारण ती वेगळ्या व्याख्यानाची आहे. कारिको आणि वाइसमन यांनी २००५ मध्ये दाखवलं की प्रयोगशाळेत बनवलेल्या आरएनएत हा बदललेला न्यूक्लिओटाइड घातला तर शरीर त्याच्यावर तितकं खवळत नाही, आणि त्याचाच एक प्रकार वापरून फायझर आणि मॉडर्नाच्या कोविड लसी झाल्या. २०२३ चं नोबेल त्यासाठीच. आपण इथे घेतल्या त्या कोविशील्ड किंवा कोवॅक्सिन, त्यांत हे नव्हतं.

आता रायबोसोमकडे. आतापर्यंत मी 'यीस्टचा आरएनए' म्हणत होतो, 'रायबोसोमचा' म्हणत नव्हतो, कारण रायबोसोम हा शब्दच १९५८ चा. त्याआधी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पेशीत बारीक कण दिसत होते आणि त्यांत आरएनए आहे एवढं कळलं होतं. १९५६ मध्ये फू-च्वान चाओ आणि हॉवर्ड शाकमन यांनी यीस्टमधून हे कण शुद्ध करून त्यांचं वर्णन केलं. पुढच्याच वर्षी चाओंनी दाखवलं की द्रावणातलं मॅग्नेशियम काढून घेतलं की यीस्टचा ८०एस कण दोन तुकड्यांत सुटतो, ६०एस आणि ४०एस.

हा 'एस' तुम्हाला अहवालात भेटलेलाच. स्वीडिश शास्त्रज्ञ स्वेडबर्ग यांच्या नावाने हे एकक आहे. सेंट्रिफ्यूजमध्ये प्रचंड वेगाने फिरवल्यावर कण किती लवकर खाली बसतो, त्याचं हे माप. तो वजनावर अवलंबून असतो तसाच आकारावरही असतो. म्हणून साठ आणि चाळीस मिळून शंभर न होता ऐंशी होतात. विद्यार्थी दरवर्षी ही बेरीज चुकली म्हणून पुस्तकाला दोष देतात.

कण वेगळे झाले, आता त्यांतले आरएनए वेगळे करायचे. इथे दोन युक्त्या एकत्र आल्या. पहिली फिनॉल. किर्बी यांनी १९५६ मध्ये फिनॉल वापरून आरएनए काढण्याची रीत दिली. पाणी आणि फिनॉल एकत्र घुसळलं की प्रथिनं फिनॉलकडे जातात, आरएनए पाण्यात राहतो. दुसरी साखर. हो, आपली साखर. नळीत खाली घट्ट पाक, वर पातळ, असा उतरता पाक भरायचा आणि वर आरएनए ठेवून फिरवायचं. मोठे रेणू खाली, छोटे वर, आपापल्या पट्ट्यांत थांबतात. ब्रिटन आणि रॉबर्ट्स यांनी १९६० मध्ये ही पद्धत मांडली. साखर कारखान्यांच्या या प्रदेशात मला हे सांगायला विशेष आवडतं.

फिनॉलच्या बाबतीत यीस्टने एक सुरेख धडा दिला. बॉस्टनमध्ये मोनिये, स्टीफनसन आणि झामेक्निक यांनी १९६० मध्ये यीस्ट न फोडता, अख्खंच फिनॉलमध्ये हलवलं. बाहेर आला तो जवळजवळ फक्त छोटा आरएनए, जो अमिनो आम्लं वाहून नेतो तो ट्रान्स्फर आरएनए. यीस्टला जाड पेशीभित्ती असते. तिच्यातून छोटे रेणू निसटतात, रायबोसोमचे मोठे रेणू आतच अडकतात. म्हणजे चाळणी यीस्टनेच पुरवली. मोठा आरएनए हवा तर भित्ती फोडा, छोटा हवा तर फोडू नका. कॉर्नेल विद्यापीठात रॉबर्ट हॉली यांनी याच छोट्या मालाच्या मागे लागून सुमारे १४० किलो बेकरीचं यीस्ट वापरलं. त्यातून २०० ग्रॅम मिश्र ट्रान्स्फर आरएनए आणि त्यातून एका जातीचा, ॲलनिनचा, फक्त एक ग्रॅम. १९६५ मध्ये त्याची ७७ अक्षरं त्यांनी ओळीने वाचली. अक्षर-अक्षर वाचलेला तो पहिला न्यूक्लिक आम्लाचा रेणू. आपले हरगोविंद खुराना यांनी पुढे त्याच यीस्टच्या रेणूचं जनुक रसायनांपासून बनवून १९७० मध्ये जाहीर केलं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तेव्हा पबित्र मैत्रा आणि झिटा लोबो यीस्टवरच काम करत होते, पण साखर पचवणाऱ्या विकरांवर. आरएनएच्या या धाग्याशी त्याचा थेट संबंध नाही, म्हणून नुसता उल्लेख करतो.

यीस्टच्या रायबोसोममध्ये शेवटी चार आरएनए निघाले. छोट्या भागात १८एस, सुमारे १,८०० अक्षरांचा. मोठ्या भागात २५एस, सुमारे ३,४०० अक्षरांचा, शिवाय १२१ अक्षरांचा ५एस आणि १५८ अक्षरांचा ५.८एस. हा ५.८एस पहिल्या फेरीत दिसतच नाही, कारण तो २५एसला हायड्रोजन बंधांनी चिकटून असतो. द्रावण जरा तापवलं की सुटून वेगळा पडतो. पुन्हा तेच. न तापवता काढणाऱ्याला तीन आरएनए दिसतात, तापवून काढणाऱ्याला चार. त्याची १५८ अक्षरं जेराल्ड रुबिन यांनी १९७३ मध्ये वाचली.

इथपर्यंत आलो की एक मोठा प्रश्न पडतो. रायबोसोम प्रत्येक सजीवात आहे. यीस्टमध्ये, गव्हात, आपल्यात, जिवाणूंत. त्याचं काम सगळीकडे तेच, म्हणून त्याची अक्षरं फार हळू बदलतात. मग दोन सजीवांच्या रायबोसोमल आरएनएची तुलना करून त्यांचं नातं किती जवळचं ते सांगता येईल का?

हा विचार अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात कार्ल वूज यांनी वर्षानुवर्षं चिकाटीने तडीस नेला. तेव्हा अख्खा १,५०० अक्षरांचा रेणू वाचणं शक्य नव्हतं. म्हणून ते किरणोत्सारी फॉस्फरस घातलेला आरएनए एका ठराविक विकराने प्रत्येक 'जी' अक्षरापाशी तोडायचे, तुकडे पसरवून फिल्मवर घ्यायचे आणि कोणत्या सजीवात कोणते तुकडे आढळतात त्याची यादी करायचे. लेवीन यांच्या वेळी रेणू नकळत मोडला होता, वूज तो ठरवून, प्रत्येक वेळी त्याच जागी मोडत होते. १९७७ मध्ये जॉर्ज फॉक्स यांच्याबरोबर त्यांनी १३ नमुन्यांची तुलना छापली. तक्त्यात पहिला क्रमांक यीस्टच्या १८एसचा आहे. तीन नमुने यीस्ट, वनस्पती आणि उंदराच्या पेशींचे, सहा नेहमीच्या जिवाणूंचे आणि त्यांच्या गोतातले, आणि चार मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांचे. हे चार दिसायला जिवाणू होते, पण आरएनएत जिवाणूंपासून तितकेच दूर होते जितकं यीस्ट होतं. सजीवांची तिसरी शाखा सापडली. आज तिला आर्किया म्हणतात.

तुम्ही इथून सिंदखेडराजावरून लोणारला गेलात, तर ही शाखा डोळ्यांनी पाहता येते, निदान २०२० च्या जूनमध्ये पाहता आली होती. सरोवराचं पाणी गुलाबी झालं, वर्तमानपत्रांत फोटो आले, लोकांनी नाना तर्क केले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले आणि सांगितलं की हा रंग खारं पाणी आवडणाऱ्या हॅलोआर्कियांचा आहे. पाऊस आला, पाणी वाढलं, रंग गेला.

आता मोसंबी. ग्रीनिंगचं कारण आधी विषाणू समजलं जायचं. १९७० मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली रोगी झाडाच्या अन्नवाहिन्यांत जिवाणूसारखं काहीतरी दिसलं. पण हा जिवाणू बशीत वाढवता येईना. जो वाढतच नाही त्याची चाचणी कशी करायची, त्याला नाव काय द्यायचं? पन्नास-साठ वर्षांपूर्वी इथे शास्त्र थांबलं असतं.

फ्रान्समध्ये बोर्दो इथे जागुए, बोव्हे आणि गार्निये यांनी १९९४ मध्ये वाट काढली ती रायबोसोमल आरएनएच्या जनुकावरून. जिवाणू वाढवायची गरज नाही. पानातून डीएनए काढायचा, त्यातला १६एसचा जनुक पीसीआरने वाढवायचा आणि वाचायचा. त्यांनी दोन वाण घेतले. एक आफ्रिकेतला, नेल्सप्रुइटचा. दुसरा आशियातला, आणि त्याचं नाव होतं 'पूना'. म्हणजे हा रोगजंतू जगाच्या वंशावळीत कुठे बसतो हे पहिल्यांदा ठरलं ते आपल्या पुण्याच्या नावाच्या वाणावरून. तो निघाला प्रोटिओबॅक्टेरियाच्या अल्फा गटातला. त्या गटात आणखी कोण आहे? रायझोबियम. तुरीच्या, हरभऱ्याच्या बियाण्याला आपण जे पाकीट चोळतो, मुळांवर गाठी करून नत्र देतं ते. बदनापूरच्या संशोधन केंद्राची तूर ज्याच्या जोरावर नत्र मिळवते, त्याच्या गोतातलाच एक जीव शेजारच्या बागेत मोसंबी वाळवतो. त्याला आज लिबेरिबॅक्टर म्हणतात. 'लिबेर' म्हणजे लॅटिनमध्ये झाडाची आतली साल.

म्हणून तुमच्या अहवालात ती ओळ असते. आणि म्हणूनच ती ओळ वाचताना एक गोष्ट विचारायला हवी, पान कुठलं दिलं होतं? हा जिवाणू झाडभर सारखा पसरलेला नसतो. अन्नवाहिन्यांतच राहतो, एका फांदीत खच्चून, दुसरीत अजिबात नाही असंही होतं. म्हणून प्रयोगशाळा पानाचा देठ आणि मधली शीर घेते, पात्याचा हिरवा भाग सोडून देते. लक्षण दिसणाऱ्या फांदीऐवजी हाताला लागेल त्या फांदीची चार पानं पाठवली, ती उन्हात पिशवीत शिजून पोहोचली, तर निगेटिव्ह आलेल्या कागदाचा अर्थ 'या चार पानांत सापडला नाही' एवढाच होतो. झाडाच्या चारही बाजूंनी, मेळ नसलेले डाग दिसणाऱ्या फांद्यांवरची, देठासकट पानं घ्या आणि गार ठेवून पाठवा. आणि त्या झाडावरून कलमासाठी डोळे मात्र अहवाल येईपर्यंत काढू नका, कारण सायला कीड हा रोग पसरवते तसाच डोळ्यातूनही तो नव्या रोपात जातो.